पत्रांच्या कप्प्यांचा अनुक्रम



पत्र पोचवणे आणि पत्र लावणे ही टपालखात्याची दोन कामे. पहिले सर्वांना दिसते. पोस्टमन दारात येतो, हाक मारतो. दुसरे मात्र वर्षानुवर्षे आगगाडीच्या डब्यात, रात्रीच्या वेळी, लाकडी खणांसमोर उभे राहून चालत आले, आणि ते फारसे कोणाच्या दृष्टीस पडले नाही. या लावण्याच्या कामाला आपल्याकडे सॉर्टिंग हाच शब्द रूढ झाला. १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात सहा आकडी पिनकोड सुरू झाला तो या कामाच्या सोयीसाठीच. एकाच नावाची अनेक गावे आणि पत्त्यांच्या अनेक लिप्या यांमुळे सॉर्टरची जी ओढाताण होई, ती त्या सहा आकड्यांनी पुष्कळ कमी केली. ४५२ दिसले की पत्र इंदूरकडे, ४०३ दिसले की गोव्याकडे. हे ठरवण्यासाठी पत्त्याची लिपी वाचता येण्याची गरज उरली नाही. या योजनेचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते आणि संस्कृतातले नामवंत लेखकही होते, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

संगणकावरून येणाऱ्या पत्रांनी या व्यवस्थेत एक फरक केला. पोचवण्याचे काम क्षणार्धात होऊ लागले, आणि लावण्याचे काम आपल्या घरी येऊन पडले. पूर्वी घरातली पत्रे तारेला टोचून ठेवली तरी चालत असे. वर्षाला शंभर-दोनशे पत्रे. हवे ते पत्र हाताने सापडे. आता वीस वर्षांचा पत्रव्यवहार एका यंत्रात साठतो, त्याचे कप्पे आपण करतो, त्या कप्प्यांना संगणकाच्या भाषेत फोल्डर म्हणतो, आणि एके दिवशी सकाळी यंत्र उघडावे तो त्या कप्प्यांतला क्रम पार बिघडलेला असतो. कालचे पत्र तळाशी, दहा वर्षांपूर्वीचे माथ्यावर, आणि मधली काही मुळी दिसतच नाहीत. अशा वेळी मनुष्य घाबरतो, आणि घाबरलेला मनुष्य जे करतो त्याने खरे नुकसान होते. आजच्या भाषणाचा विषय हा आहे.

उदाहरणासाठी मी थंडरबर्ड ही आज्ञावली घेतो. ती विनामूल्य मिळते. तिची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये निघाली. संस्था, लहान कचेऱ्या आणि निवृत्त मंडळी यांच्या संगणकांवर ती आढळते. तिचा पडदा आकाशवाणीवरून दाखवता येत नाही, ही अडचण आहेच. परंतु यंत्राच्या आत काय घडते हे समजले तर पडद्यावरच्या खुणा आपल्या आपण ओळखता येतात. दुसरी एखादी आज्ञावली वापरणाऱ्यांनाही यातले बरेचसे लागू पडेल.

महाराष्ट्राबाहेरच्या एखाद्या शहरातले महाराष्ट्र मंडळ डोळ्यांपुढे आणा. मंडळाची इमारत भाडेपट्ट्याच्या जागेवर उभी आहे. भाडेपट्ट्याविषयी महानगरपालिकेशी झालेला सारा पत्रव्यवहार चिटणिसांच्या संगणकात, ‘जागा’ नावाच्या फोल्डरमध्ये आहे. पट्ट्याच्या नूतनीकरणाची मुदत तोंडावर आली आहे, २००९ सालचे एक पत्र हवे आहे, आणि ते दिसत नाही. चिटणीस सत्तरीचे आहेत. शेजारचा हुशार मुलगा सांगतो, “काका, सगळे काढून टाका आणि नव्याने बसवा.” आज्ञावली काढून पुन्हा बसवणे एक वेळ निरुपद्रवी असते, पण त्या भरात आज्ञावलीचा साठाच पुसला गेला, तर मंडळाच्या हाती कागद उरत नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही ध्यानात घ्यावी, की पत्रे आणि पत्रांचा क्रम या यंत्रात दोन वेगवेगळ्या ठिकाणी राहतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात जुने मोडी कागद फडक्यांत बांधून ठेवलेले असत. त्या गाठोड्यांना रुमाल म्हणत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्या अफाट साठ्यातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस भाग १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. आता असे समजा, की एका रुमालाची यादी वाळवीने खाल्ली. रुमालातले कागद तेथेच आहेत. कोणीतरी बसून, एकेक कागद उलगडून, नवी यादी केली म्हणजे झाले. काम कंटाळवाणे खरे, पण त्यात काही नष्ट होत नाही. यादी बिघडली म्हणून चिडून कोणी रुमालच अग्नीत टाकला, तर मात्र इतिहास संपला.

थंडरबर्डमध्ये नेहमीच्या मांडणीत प्रत्येक फोल्डर म्हणजे एक लांबच लांब फाइल असते. त्यात पत्रे एकापुढे एक, जमाखर्चाच्या चोपडीतल्या नोंदींप्रमाणे लिहिलेली असतात. त्याच नावाची दुसरी एक छोटी फाइल तिच्या शेजारी असते, आणि तिच्या नावापुढे ‘एमएसएफ’ ही तीन अक्षरे असतात. ही झाली यादी. कोणते पत्र मोठ्या फाइलमध्ये कोठून सुरू होते, ते कोणाचे, कोणत्या तारखेचे, वाचलेले की न वाचलेले, हे सारे या यादीत टिपलेले असते. आपण पडद्यावर जे पाहतो ते यादीवरून उमटते. वीज अचानक गेली, आज्ञावली मध्येच बंद पडली, किंवा दुसऱ्या संगणकावरून फाइली आणताना जुनी यादी नव्या साठ्याला चिकटली, की यादी आणि चोपडी यांचा मेळ सुटतो. मग एका पत्रावर टिचकी मारावी तो दुसऱ्याच पत्राचा मजकूर उघडतो, पुसलेली पत्रे भुतासारखी परत येतात, आणि असलेली दिसेनाशी होतात. ‘जागा’ फोल्डरमधले २००९ चे पत्र बहुधा असेच चोपडीत आहे आणि यादीत नाही.

याचा उपाय आज्ञावलीतच आहे. फोल्डरच्या नावावर उजवी टिचकी मारली म्हणजे जो तक्ता उघडतो त्यात ‘प्रॉपर्टीज’ आहे, आणि तेथे ‘रिपेअर फोल्डर’ असे बटण आहे. ते दाबले की यंत्र जुनी यादी टाकून देते आणि चोपडी पहिल्या पानापासून वाचून नवी यादी करते. फोल्डर मोठे असेल तर वेळ लागतो. तेवढा वेळ स्वस्थ बसावे, अधीर होऊन आज्ञावली बंद करू नये. त्या फोल्डरपुरती स्तंभांची आपण केलेली मांडणी या दुरुस्तीत मोडण्याचा संभव असतो. ती पुन्हा करता येते.

परंतु दुरुस्तीच्या आधी साठ्याची नक्कल घ्यावी, आणि हे मी आग्रहाने सांगतो. ‘हेल्प’ या यादीत ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ म्हणून एक पान आहे; त्यावर प्रोफाइलचे फोल्डर कोठे आहे ते सांगितलेले असते आणि तेथूनच ते उघडता येते. त्याची जागा टिपून घ्यावी, आज्ञावली पूर्ण बंद करावी, आणि ते सबंध फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे. पत्रे कोणत्या पद्धतीने येतात यावर या नकलेचे महत्त्व अवलंबून असते. आयमॅप पद्धतीत मूळ पत्र टपाल देणाऱ्या संस्थेच्या यंत्रावर राहते. आपल्याकडे असते ती प्रत, आणि प्रत बिघडली तर मुळावरून ती पुन्हा मिळते. पॉप या जुन्या पद्धतीत पत्र बहुधा आपल्या घरी उतरते आणि तिकडचे पुसले जाते. तसे झाले असेल तर घरचीच प्रत एकमेव. आपल्या मंडळाचे खाते वीस वर्षांपूर्वी उघडलेले असेल, तर ते पॉप असण्याचा बराच संभव आहे. चिटणिसांनी हे आधी पाहून घ्यावे.

काही जाणकार सांगतात, की आज्ञावली बंद करून ती एमएसएफ फाइल हाताने पुसली तरी चालते. पुढच्या वेळी यंत्र नवी यादी करतेच. हे खरे आहे. तरीही नवख्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे. शेजारी-शेजारी दोन फाइली, दोघींचे नाव एक. एकीला शेपूट आहे, दुसरीला नाही. काही संगणकांत तर नावापुढची ती शेपटी पडद्यावर दिसतच नाही. बिनशेपटीची फाइल पुसली की फोल्डरमधली सर्व पत्रे गेली. बटण असताना हा धोका पत्करण्याचे कारण काय?

आणखी एक सावधगिरी. विषाणुरोधक आज्ञावलीला एखाद्या पत्रात काही संशयास्पद आढळले, तर ती त्या एका पत्राऐवजी सबंध फाइल उचलून बाजूला नेऊन ठेवते, कारण तिच्या दृष्टीने ती एकच वस्तू असते. एक फोल्डर एकाएकी रिकामे दिसले, तर तेथेही शोध घ्यावा.

आता दुसऱ्या प्रकारच्या बिघाडाकडे वळू. यात यादी शाबूत असते, आणि तरीही क्रम विचित्र दिसतो. पुष्कळदा कारण इतके साधे असते की सांगताना संकोच वाटावा. पत्रांच्या यादीच्या डोक्यावर विषय, पाठवणारा, तारीख अशी स्तंभांची नावे असतात; त्यांतल्या ज्याच्यावर टिचकी पडेल त्याच्यानुसार सर्व पत्रे मांडली जातात, आणि तेथेच दुसरी टिचकी पडली तर क्रम उलटा होतो. हात थरथरला, टिचकी चुकून पडली, की वरचे खाली. तारखेच्या नावावर एकदा किंवा दोनदा टिचकी मारून पाहावे. त्याचप्रमाणे वरच्या बाजूला झटपट गाळणीची एक पट्टी असते. ती चालू राहिली, तर फक्त न वाचलेली किंवा फक्त तारांकित पत्रे दिसतात, आणि बाकीची नाहीशी झाल्याचा भास होतो. ही दोन ठिकाणे पाहिल्यावाचून दुरुस्तीला हात घालू नये.

तारखेच्या क्रमातही एक गंमत आहे. पत्रावरची तारीख आपले यंत्र घालत नाही; पाठवणाऱ्याचे यंत्र घालते. पत्राच्या मथळ्यात तारीख कशी लिहावी हे १९८२ च्या एका प्रमाणपत्रकात ठरले, आणि आजही मूळ पद्धत तीच आहे. पाठवणाऱ्याच्या संगणकातले घड्याळ चुकले असेल, तर त्याचे पत्र चुकीच्या जागी जाऊन बसते. जुन्या संगणकात घड्याळ चालू ठेवणारा नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. असे आज आलेले पत्र जुन्या पत्रांच्या गर्दीत शिरते आणि आपण म्हणतो, पत्र आलेच नाही. काही पत्रांवर तर १ जानेवारी १९७० ही तारीख दिसते. त्या दिवशी कोणी कोणाला ते पत्र लिहिले नव्हते! पुष्कळ संगणक काळाची मोजणी त्या क्षणापासून करतात, म्हणून तारीख मुळीच नसली तर मोजणीतले शून्य म्हणजे तो दिवस असा अर्थ होतो.

परदेशी असलेल्या मुलाबाळांची पत्रे हाही असाच एक कोड्याचा विषय. न्यू जर्सीहून मुलीने उन्हाळ्यात, सोमवारी रात्री दहा वाजता पत्र लिहिले, तर पुण्यात त्या वेळी मंगळवारची सकाळ असते आणि घड्याळात साडेसात वाजलेले असतात. पत्राच्या मथळ्यात तिकडची वेळ आणि तिचे जागतिक वेळेशी अंतर, दोन्ही लिहिलेले असते. आपल्या पत्रांवर हे अंतर अधिक साडेपाच तास असे पडते. यंत्र हिशेब करून ते पत्र मंगळवारी सकाळी बसवते. उत्तरात तिने “आज सोमवार” असे लिहिले आणि यादीत मंगळवार दिसला, तर दोन्ही खरेच असतात.

यावर थंडरबर्डने दोन वेगळे स्तंभ दिले आहेत. एकाचे नाव ‘रिसीव्हड’. तो पत्र पोचवणाऱ्या यंत्राने मारलेल्या शिक्क्याची वेळ दाखवतो. आपल्या पाकिटावर जसे टपालकचेरीचे शिक्के असत, तसाच हा प्रकार. दुसरा ‘ऑर्डर रिसीव्हड’. तो पत्र त्या फोल्डरमध्ये कितव्या क्रमाने आले ते सांगतो. नावे इतकी जवळची की घोटाळा न झाला तरच नवल, आणि ती ठेवणाऱ्यांनी थोडा अधिक विचार केला असता तर बरे झाले असते. दुसऱ्या स्तंभात एक मेख आहे. २००९ चे पत्र आज एका फोल्डरमधून उचलून ‘जागा’मध्ये ठेवले, तर ‘जागा’च्या दृष्टीने ते आज आले, म्हणून ते सर्वांच्या शेवटी बसते. ज्या फोल्डरमध्ये आपण पत्रे हलवून ठेवतो तेथे हा स्तंभ वापरू नये. पाठवणाऱ्यांच्या घड्याळांवर भरवसा नसेल, तर पहिला स्तंभ सर्वांत विश्वासाचा.

आता जो प्रश्न मराठी माणसालाच पडेल, तो घेतो. फोल्डरांची नावे आपण देवनागरीत देतो. समजा, मंडळाच्या सभासदांच्या आडनावांनी कप्पे केले आहेत: कावळे, काशीकर, कासार, काळे. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ‘ळ’ हे अक्षर ‘ह’च्या नंतर येते, म्हणून काळे सर्वांच्या शेवटी. पण इंग्रजी पडदा वापरणाऱ्या यंत्रात काळे एकदम पहिले जाऊन बसतात. चिटणीस म्हणतात, आज्ञावली बिघडली. ती बिघडलेली नसते. भारतीय लिप्यांसाठी जे सामाईक संकेत १९८८ साली ठरले त्यांत ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी स्थान मिळाले, आणि जगभर चालणाऱ्या युनिकोड संकेतांनी देवनागरीची मांडणी तेथूनच उचलली. तसेच क्षीरसागर हे नाव आपण वर्णमालेच्या अखेरीस शोधतो, तर यंत्र ‘क्ष’ची फोड करून ते ‘क’च्या घरात, ‘ख’च्या अलीकडे ठेवते, ज्ञानेश्वर ‘ज’च्या घरात सापडतात. मराठीसाठी ळ, क्ष, ज्ञ यांना शेवटी ठेवणारा नियमही संगणकतज्ज्ञांनी नोंदवून ठेवला आहे, मात्र आज्ञावलीला मराठीत चालण्याची सूचना असेल तरच तो लागू होतो. इंग्रजी पडद्यावर देवनागरी नावे मांडताना यंत्र सर्वसाधारण नियम लावते, आणि हिंदीला किंवा संस्कृतला तो चालून जातो. ‘ळ’ची कुचंबणा आपल्या वाट्याला येते.

डाव्या बाजूला जी फोल्डरांची ओळ असते तिची रीतही जाणून घ्यावी. आलेली पत्रे, मसुदे, पाठवलेली पत्रे, केराची टोपली यांसारखी ठरावीक फोल्डरे आरंभी येतात, आणि आपण केलेली बाकीची अक्षरानुक्रमाने लागतात. पुष्कळांना हे पटत नाही. ‘जागा’ हे फोल्डर रोज लागते, ‘अहवाल’ वर्षातून एकदा. तरी अहवाल वर. ही तक्रार जुनी होती. बरीच वर्षे त्यासाठी वेगळी जोडणी बसवावी लागे. जुलै २०२५ मध्ये निघालेल्या १४० क्रमांकाच्या आवृत्तीपासून फोल्डर उचलून हव्या त्या जागी ठेवण्याची सोय आज्ञावलीतच आली. हौशी माणसाने तिचा जरूर उपयोग करावा.

संस्थेच्या कामासाठी मात्र मी जुन्या युक्तीलाच पसंती देईन: नावाच्या आधी आकडा घालावा. ०१ जागा, ०२ वर्गणी, ०३ गणेशोत्सव, ०४ अहवाल. एक आकडी संख्येमागे शून्य लिहावे, कारण काही आज्ञावल्या संख्येकडे संख्या म्हणून न पाहता अक्षरे म्हणून पाहतात, आणि मग १० हा २ च्या आधी येतो. आकडे देवनागरी असोत वा इंग्रजी, दोहोंची मिसळ करू नये. उचलून ठेवण्याचा क्रम त्या एका यंत्राच्या नोंदीत राहतो. फोल्डरांचा क्रम दूरच्या यंत्राला कळवण्याची व्यवस्था आयमॅप पद्धतीत नाही. पुढच्या वर्षी नवे चिटणीस आले आणि त्यांनी मंडळाचे खाते आपल्या घरच्या संगणकावर किंवा फोनवर उघडले, की तो क्रम त्यांना दिसणार नाही. नावातला आकडा नावाबरोबर जातो. तेव्हा नव्या चिटणिसांच्या हाती खात्याचा परवलीचा शब्द देताना, बाहेरच्या डिस्कवरची ती नक्कलही द्यावी, आणि तिच्यावर नक्कल घेतल्याची तारीख शाईने लिहून ठेवावी.